बॅटरीतला दम आणि शक्तीचा जुना वाद

बॅटरीवर चालणारे वेल्डिंग मशीन उचलून कुठेही नेता येते; त्यात किती काम शिल्लक आहे हे मात्र बाहेरून दिसत नाही. डबा बंद, वजन तेवढेच, रंगरूपात फरक नाही. भरलेली बॅटरी आणि उतरलेली बॅटरी शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना दोन्ही सारख्याच. ही अडचण कारागिराची आहे, तशीच ती भारतीय दर्शनांतल्या एका जुन्या वादाचीही आहे. वस्तूच्या ठिकाणी ‘शक्ती’ म्हणून काही निराळे असते का? आणि असेल, तर काम होण्याआधी ते कळावे कसे? मीमांसक, नैयायिक आणि बौद्ध या प्रश्नावर शतकानुशतके भांडले. वीरशैवांनी तो वेगळ्याच अंगाने घेतला, आणि त्या परंपरेचे एक मोठे ठाणे सोलापूर आहे.

या मशीनची दोन रूपे आढळतात. जुने रूप जुगाडाचे. 12 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडायच्या, एका टोकाला रॉडचा होल्डर, दुसऱ्या टोकाला अर्थिंगचा क्लॅम्प. दोन बॅटऱ्यांचे जेमतेम 25 व्होल्ट होतात. तेवढ्यावर आर्क धरणे कठीण जाते, रॉड पत्र्याला चिकटून बसतो. तिसरी जोडली की 38 व्होल्टच्या आसपास दाब मिळतो आणि ठिणगी टिकते. नवे रूप लिथियमच्या बॅटरीचे. ऑस्ट्रियातल्या फ्रोनियस कंपनीचे ‘अ‍ॅक्युपॉकेट’ हे त्यातले बरेच नावाजलेले यंत्र, वजन सुमारे 11 किलो. गाळपाच्या हंगामात सोलापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात. पंढरपूर, माळशिरस किंवा माढ्याच्या एखाद्या फडात ट्रॉलीचा हूक तुटला, तर भरलेली ट्रॉली गॅरेजपर्यंत नेणे शक्य नसते. वेल्डिंगच तिथे न्यावे लागते. अशा जागी बॅटरीत दम आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

दम किती लागतो याचा हिशेब सोपा आहे. 3.15 मि.मी.चा रॉड, ज्याला दुकानात दहा नंबरचा म्हणतात, साधारण 90 ते 130 अँपिअर मागतो. आर्क पेटल्यावर तिच्या दोन टोकांमधला दाब 20 ते 25 व्होल्ट असतो. म्हणजे साधारण दोन ते तीन किलोवॉट, आणि एक रॉड जळायला मिनिटभर. फ्रोनियसने आपल्या यंत्राची क्षमता सांगताना वॉट-तासांच्या जोडीने रॉडही मोजले: एका चार्जिंगमध्ये 2.5 मि.मी.चे सुमारे 18, किंवा 3.25 मि.मी.चे 8. शक्ती सांगायची तर ती कामाच्या भाषेतच सांगावी लागते, हे इथे कंपनीनेच मान्य केले आहे. मीमांसकांचा मुद्दा याहून फार निराळा नव्हता.

बॅटरी तपासणारा आधी मीटर लावतो. शिशाच्या बॅटरीचा एक सेल पूर्ण भरला की 2.1 व्होल्टच्या आसपास दाखवतो. सहा सेल मिळून 12.6 ते 12.7. हा आकडा 12.2 वर आला की बॅटरी निम्मी, 11.9 च्या खाली गेला की उतरलेली. दुसरे साधन हायड्रोमीटर. झाकण काढून काचेच्या नळीत अ‍ॅसिड ओढायचे आणि आतला तरंगता काटा कुठे थांबतो ते पाहायचे. भरलेल्या सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे अ‍ॅसिडचे विशिष्ट गुरुत्व, 1.240 ते 1.280, उतरलेल्या सेलची 1.12 च्या आसपास. उष्ण प्रदेशासाठी बॅटरीत मुळातच थोडे सौम्य अ‍ॅसिड भरण्याची पद्धत आहे, म्हणून सोलापुरातला 1.240 हा आकडा कमीपणाचा नव्हे.

ही दोन्ही साधने शक्ती दाखवत नाहीत, तिची खूण दाखवतात. खुणेवरून न दिसणारी गोष्ट ओळखणे म्हणजे अनुमान, आणि अनुमानाची चिरफाड न्यायशास्त्राइतकी बारकाईने फार थोड्यांनी केली. त्या शास्त्राच्या परिभाषेचा ‘न्यायकोश’ भीमाचार्य झळकीकरांनी रचला. एकोणिसाव्या शतकात तो प्रथम छापला गेला आणि वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती 1928 मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढली. झळकी हे गाव आज कर्नाटकात आहे. सोलापूरहून विजयपूरला जाताना वाटेत लागते. नैयायिक म्हणतात, धुरावरून अग्नी ओळखता येतो, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती पक्की आहे. उलट्या दिशेने मात्र ती लागू नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. अग्नीवरून धूर सांगायचा तर सरपण ओले असावे लागते. ही मधली छुपी अट म्हणजे उपाधी. उपाधी असलेला हेतू, म्हणजे खूण, फसवा.

मीटरवरचे 12.6 हा असाच सोपाधिक हेतू आहे. बॅटरी नुकतीच चार्जरवरून काढली असेल, तर प्लेटांच्या पृष्ठभागावर साचलेला वरवरचा भार 13 व्होल्टही दाखवतो. काही तास ती तशीच ठेवली, किंवा गाडीचे हेडलाइट दोन मिनिटे लावून हा भार काढून टाकला, की खरा आकडा समोर येतो. त्याहून मोठी उपाधी म्हणजे विश्रांती. बॅटरीतून काहीच ओढले जात नसताना तिचा दाब चांगला दिसतो; झिजलेल्या, जुन्या प्लेटाही रिकाम्या बसून 12.6 दाखवू शकतात. रंग मारून, टर्मिनल घासून चकचकीत केलेली रिकंडिशन बॅटरी गिऱ्हाईकाच्या गळ्यात बांधली जाते ती याच आकड्याच्या जोरावर. गिऱ्हाईक मीटर पाहतो आणि समाधान पावतो. त्याचे अनुमान चुकलेले असते, डोळे नव्हे.

म्हणून तिसरी परीक्षा लोड टेस्टरची. यात जाड कॉइलमधून किंवा कार्बनच्या चकत्यांमधून बॅटरीला एकदम शे-दीडशे अँपिअर द्यायला लावतात आणि 10-15 सेकंद काटा पाहतात. 12 व्होल्टची बॅटरी या भाराखाली 9.6 च्या वर टिकली तर चांगली. टिकली नाही, तर काटा आधी थोडा दम धरतो आणि मग सरळ खाली बसतो. टेस्टरची कॉइल लालसर तापते, हाताला धग लागते. झाकणे उघडी असतील आणि एखादा सेल गेलेला असेल, तर बाकी पाच शांत असताना त्या एकाच सेलचे पाणी बुडबुडे काढू लागते. मीटरला जे दिसले नाही ते इथे पंधरा सेकंदांत दिसते. (ही परीक्षा उघड्यावर करावी. चार्जिंगच्या वेळी शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो 4 टक्के झाला की एका ठिणगीने स्फोट होतो. वेल्डिंगची ठिणगी बॅटऱ्यांपासून शक्य तेवढी लांब ठेवायची ती याचसाठी.)

ही परीक्षा जे सांगते ते काम करवून सांगते. बॅटरीने भार पेलला म्हणून तिच्यात शक्ती होती. मीमांसकांच्या मते शक्ती कधीच प्रत्यक्ष दिसत नाही. ती कार्यावरून अर्थापत्तीने मानावी लागते. अर्थापत्तीचे त्यांचे ठरलेले उदाहरण देवदत्ताचे. तो धडधाकट आहे, दिवसा जेवत नाही हेही खरे, तेव्हा रात्री जेवत असला पाहिजे. एरवी दोन खऱ्या गोष्टींचा मेळच बसत नाही. रात्री भरून ठेवलेली बॅटरी कोणी हात न लावता सकाळी उतरलेली सापडली, तर इलेक्ट्रिशियन लगेच म्हणतो की कुठेतरी करंट गळतोय. त्याने गळती पाहिलेली नसते. तिच्यावाचून दोन गोष्टी जुळत नाहीत, म्हणून ती मानायची.

शक्ती वेगळी मानायला मीमांसक एक दृष्टांत देत. अग्नी जाळतो. त्याच्याजवळ एक विशिष्ट मणी ठेवला की तो जाळेनासा होतो. अग्नीचे रूप तेच, उजेड तोच, ऊब तीच. तरी जाळणे नाही. मणी उचलला की पुन्हा जाळतो. तेव्हा अग्नीच्या रूपाहून निराळी अशी दाहशक्ती आहे, मण्याने ती नष्ट होते आणि मणी काढल्यावर पुन्हा उपजते. मीमांसकांपैकी प्रभाकराच्या अनुयायांनी शक्तीला पदार्थांच्या यादीत स्वतंत्र जागा दिली. कुमारिल भट्टाच्या परंपरेनेही ती नाकारली नाही. या आग्रहामागे यज्ञ होता. यज्ञ आज होतो, आहुती जळून राख होते, आणि स्वर्ग मिळायचा तो मेल्यानंतर. मधल्या काळात यज्ञाचे फळ कुठे असते? कर्म तर संपलेले. कुमारिलांनी इथे ‘अपूर्व’ मानले: कर्माने निर्माण झालेली आणि फळ येईपर्यंत टिकणारी योग्यता. केलेले काम साठून राहते आणि पुढे कधीतरी फळते या श्रद्धेला त्यामुळे दर्शनाचा आधार मिळाला. पुण्याच्या साठ्याची आजची सगळी बोली याच कल्पनेच्या आसपास फिरते.

दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त याला उत्तर दिले. हा ग्रंथ ईश्वरसिद्धीचा. पण त्याच्या पहिल्याच स्तबकात, म्हणजे प्रकरणात, शक्तीचे खंडन येते. मणी जवळ असताना अग्नी जाळत नाही, कारण जाळण्याच्या कारणसामग्रीत ‘प्रतिबंधक नसणे’ हेही एक कारण आहे. मणी आला की ते कारण गेले, सामग्री अपुरी पडली. अग्नीत काही नष्ट झाले नाही, काही नव्याने उपजले नाही. एक जादा पदार्थ मानण्याचे कारणच उरत नाही. न्यायाचा लाघवावर मोठा भर असतो; कमी मानून भागत असेल तर जास्त मानू नये. युरोपात मोलिएरने 1673 च्या एका नाटकात वैद्यांची अशीच टर उडवली होती. अफूने झोप का येते? तर तिच्यात झोप आणण्याची शक्ती आहे म्हणून. उत्तर दिल्यासारखे वाटते आणि कळत काहीच नाही.

बॅटरीचा पक्ष या वादात कोणाच्या बाजूचा? शिशाच्या बॅटरीचे ‘मरणे’ दोन तऱ्हांचे असते आणि दोन्हींचा निकाल वेगळा लागतो. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. चार्ज केली की एका प्लेटवर ते पुन्हा तपकिरी लेड डायऑक्साइड होते आणि दुसऱ्या प्लेटवर करडे, सच्छिद्र शिसे. उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच पडली तर सल्फेटचे बारीक स्फटिक मोठे आणि कठीण होतात, प्लेटांची तोंडे बंद करतात. अशी बॅटरी कितीही चार्ज केली तरी ग्रॅव्हिटी वर येत नाही, कारण सल्फेट प्लेटांतच अडकून बसलेले असते. पण अगदी कमी करंटने, दीर्घ काळ चार्जिंग दिले तर त्यातले काही स्फटिक विरघळतात आणि दम काही प्रमाणात परत येतो. हा शुद्ध प्रतिबंधक आहे. मणी उचलला, अग्नी जाळू लागला. दुसऱ्या तऱ्हेत प्लेटांवरचा माल झडून डब्याच्या तळाशी गाळ होऊन बसतो. इथे ग्रॅव्हिटी नीट येते, व्होल्ट नीट येतात, आणि लोड टेस्टरवर बॅटरी पडते. उचलण्यासारखा मणी इथे नाही. कारणच झडून गेले.

दोन्ही बॅटऱ्यांना मालक एकच वाक्य लावतो, ‘हिच्यात आता दम नाही’. मीमांसकाला हे वाक्य पुरे. नैयायिकाला ते पुरत नाही. त्याला विचारावेसे वाटते की कोणती सामग्री कमी पडली. आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही नेमके तेच विचारावे लागते. बॅटरीच्या आत प्लेट, अ‍ॅसिड आणि त्यांची रचना याखेरीज शक्ती नावाची चौथी वस्तू सापडत नाही. या मुद्द्यावर उदयनांची बाजू भक्कम दिसते.

तरी एक पेच नैयायिकालाही सुटायला सोपा नाही. बॅटरीवर 100 अँपिअर-तास असे छापलेले असते. त्याचा अर्थ 5 अँपिअरने 20 तास. याच बॅटरीतून वेल्डिंगसाठी 100 अँपिअर ओढले तर ती तासभर चालत नाही. अर्ध्या तासाच्या आसपास बसते. जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट यांनी 1897 मध्ये याचा नियम मांडला: जितक्या घाईने मागाल तितके एकूण कमी मिळते. थोडा वेळ थांबून पुन्हा सावकाश ओढले तर ‘संपलेल्या’ बॅटरीतून आणखी काही मिळतेही. मग तिच्यात शक्ती किती होती? प्रश्नाला एक उत्तरच नाही. कोणत्या कामासाठी, किती वेगाने, किती उष्णतेत हे सांगितल्याशिवाय आकडा अर्थहीन आहे. सोलापूरचा मे महिना इथे आणखी एक गंमत करतो. पारा 42-43 वर गेला की बॅटरीतली रासायनिक क्रिया जोरात चालते आणि ती थंडीतल्यापेक्षा जास्त दमदार वाटते. त्याच उष्णतेने तिचे आयुष्य मात्र झपाट्याने घटते. ढोबळ नियम असा की 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना आयुष्य निम्मे. जी परीक्षा उन्हाळ्यात ‘उत्तम’ म्हणते, ती झीज लपवते.

शक्ती म्हणजे ठरावीक मापाची आत भरलेली वस्तू, ही समजूत इथे पूर्ण ढासळते.

बौद्धांनी नेमका हाच धागा टोकापर्यंत ताणला. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीच्या मताने जे काही कार्य घडवते तेच सत्. अर्थक्रिया करणे हीच अस्तित्वाची कसोटी. मग कोठारातले बी समर्थ आहे की नाही? समर्थ असेल तर तिथेच उगवले पाहिजे. समर्थाने थांबायचे कारण काय? उगवत नसेल तर ते असमर्थ, आणि शेतात उगवणारे बी त्याहून वेगळे. एकच बी दोन्हीकडे नाही. क्षणाक्षणाला नवे बी आहे. ग्रीसमध्ये मेगाराच्या पंथाने असेच काही म्हटले होते. घर न बांधणाऱ्या गवंड्याला बांधण्याची विद्या त्या घटकेला नसते, असा त्यांचा दावा. अ‍ॅरिस्टॉटलने ‘मेटॅफिजिक्स’च्या नवव्या प्रकरणात तो खोडून काढला, कारण मग दुपारी जेवायला बसलेला गवंडी रोज विद्या विसरतो आणि रोज शिकतो असे म्हणावे लागेल. उदयनांनी ‘आत्मतत्त्वविवेका’त सहकारी कारणांचे उत्तर दिले: बी तेच, पण माती, पाणी आणि ऊब हे सोबती मिळाल्याशिवाय कार्य होत नाही. फळीवरची बॅटरी हे कोठारातले बीच. होल्डर जोडला, रॉड टेकला, परिपथ पुरा झाला की काम सुरू. सहकारी आले, नवी बॅटरी आली नाही. सामान्य व्यवहार इथे उदयनांच्या बाजूला उभा राहतो. तरी बौद्धांच्या पदरात एक गोष्ट टाकावी लागते: फळीवर नुसती ठेवलेली बॅटरीही स्थिर नसते. दर महिन्याला ती स्वतःहून थोडी उतरते, उन्हाळ्यात अधिक. कालची बॅटरी आज अगदी कालचीच नाही, एवढे तरी त्यांचे खरे.

लिथियमची बॅटरी आल्यावर वाद संपला असे वाटू शकते, कारण डब्यावर थेट टक्के दिसतात. प्रत्यक्षात ती अधिक अवघड आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल बराच भरलेला असो की बराच रिकामा, 3.2-3.3 व्होल्टच दाखवतो. शिशाच्या बॅटरीची व्होल्टची खूणही इथे निकामी होते. म्हणून आतली नियंत्रक पाटी, म्हणजे बीएमएस, किती करंट आत आला आणि किती बाहेर गेला याची वजाबाकी करत बसते आणि उरलेला आकडा पडद्यावर टाकते. आकडा मोजलेला नाही, मांडलेला आहे. छोट्या चुका साठत जातात. बॅटरी अधूनमधून पूर्ण भरली किंवा पूर्ण उतरली की हिशेब पुन्हा जागेवर येतो. दर्शनांच्या भाषेत पडद्यावरचे 60 टक्के हे प्रत्यक्ष नव्हे, आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीने ते अनुमानही नव्हे. ते शब्दप्रमाण आहे, कोणीतरी सांगितलेले. शब्दाची सत्यता सांगणाऱ्याच्या आप्तपणावर अवलंबून असते: त्याला माहीत असले पाहिजे आणि तो खरे बोलणारा असला पाहिजे. जुन्या बॅटरीचा बीएमएस खोटे बोलत नाही. त्याला पुरते माहीत नसते. 30 टक्के दाखवत असताना जुने सेल भाराखाली खचतात, बीएमएस एकदम पुरवठा तोडतो, आणि आर्क मध्येच विझते. शिशाची बॅटरी निदान कण्हत मरते. आर्कचा तडतड आवाज आधी मंदावतो, रॉड चिकटू लागतो, हात सावध होतो.

सोलापूरच्या वीरशैव परंपरेचा प्रश्न याहून वेगळा आहे. तिच्या दर्शनाला शक्तिविशिष्टाद्वैत म्हणतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘सिद्धांतशिखामणी’सह वीरशैव ग्रंथांची एक माला सोलापुरातूनच छापून निघाली. या मताप्रमाणे शिव आणि शक्ती यांचा संबंध धारक आणि साठा असा नाही. शक्ती शिवाहून सुटी करून दाखवता येत नाही, आणि शक्तीवाचून शिव ही नुसती कल्पना. तिचा संकोच होतो आणि विकास होतो. ती भरली जात नाही किंवा संपत नाही. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’चे पहिले प्रकरण शिव आणि शक्ती यांच्या अशाच अभिन्न जोडीचे आहे, तेव्हा मराठी वाचकाला हा विचार परका नाही. मीमांसकाची शक्ती मण्याने नष्ट होते. नैयायिकाची मुळात नाहीच. वीरशैवाची कधी नसतेच असे होत नाही. बॅटरीला हे मत लावता येत नाही, आणि लावूही नये: बॅटरी रिकामी होते, तिची शक्ती उसनी असते, बाहेरून भरलेली. ईश्वराची शक्ती आणि वस्तूची शक्ती यांत वीरशैव जो फरक करतात तो इथे आपोआप उभा राहतो. देवाच्या शक्तीला बॅटरीची उपमा देणारी प्रवचने हल्ली ऐकू येतात. त्यांमुळे दोन्हींवर अन्याय होतो.

याच परंपरेत कामावरून शक्ती ओळखण्याच्या पद्धतीला आव्हान देणारी एक कथा आहे, आणि ती सोलापूरचीच. बाराव्या शतकातले सिद्धराम, म्हणजे आजच्या सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर, सोन्नलिगे इथे तळे खणवत होते, मंदिरे उभारत होते. त्यांनी स्थापलेली अडुसष्ट लिंगे शहरात आजही पूजली जातात. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात शिवशरण अल्लमप्रभू तिथे येतात आणि सिद्धरामांना खणकरी वड्डर म्हणून हिणवतात. कामावरचे लोक चिडून दगड उचलतात. पुढे दोघांचा संवाद होतो आणि सिद्धराम कल्याणला, बसवण्णांच्या मंडळीत जातात. अल्लमांचा रोख कष्टावर नव्हता. त्याच मंडळीने कायक, म्हणजे घाम गाळून केलेले काम, पूजेच्या बरोबरीला नेले होते. त्यांचा प्रश्न असा की बांधलेले तळे हे आतल्या साधनेचे प्रमाण मानायचे का. तळ्यावरून माणसाची शक्ती सिद्ध होते, पण कोणती? माणसे गोळा करण्याची, दगड फोडण्याची, पैसा उभा करण्याची. तिच्यावरून ज्ञान सिद्ध होत नाही. न्यायाच्या भाषेत सांगायचे तर हेतू खरा, साध्य दुसरेच. लोड टेस्टरची मर्यादाही हीच आहे. 15 सेकंदांची परीक्षा 15 सेकंदांचे सामर्थ्य सांगते. गाडी सुरू करायची बॅटरी तेवढ्यासाठीच घडवलेली असते, आणि वेल्डिंगला लागतात सलग मिनिटे. एका कामाची परीक्षा दुसऱ्या कामाचा दाखला म्हणून वापरली की फसगत ठरलेली. तीन जुन्या ट्रकच्या बॅटऱ्यांवर पहिला रॉड झकास जळतो आणि पाचव्याला सगळे बसते ते यामुळे.

पाचव्या रॉडचे परिणाम जोडात उतरतात. करंट कमी पडला की धातू वितळून आत शिरत नाही, नुसता वर बसतो. स्लॅग झाडल्यावर शिवण देखणी दिसते. हूक मात्र पहिल्या चढावर निघून येतो. जोडाची खात्रीची परीक्षा म्हणजे तो वाकवून किंवा तोडून पाहणे, आणि तोडलेला जोड कोणाच्या कामाचा? रंगद्रव्याने तडे शोधणे, अल्ट्रासोनिक लहरी, एक्स-रे हे न तोडण्याचे उपाय पुन्हा खुणांचेच, पुन्हा त्यांना उपाधी. बॅटरीचेही तसेच. तिची क्षमता नेमकी कळण्याचा एकच मार्ग आहे: ठरल्या करंटने ती पूर्ण उतरवायची आणि वेळ मोजायची. परीक्षा संपते तेव्हा बॅटरी रिकामी असते. शिवाय अशा खोल उतरवण्याने शिशाच्या प्लेटांचे थोडे आयुष्यही जाते.

इथे वाद शक्तीवरून ज्ञानाच्या प्रामाण्यावर येतो. झालेले ज्ञान खरे आहे हे कशावरून? मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते. ते खोटे ठरवणारे काही समोर येईपर्यंत त्यावर चालावे. एरवी मीटर तपासायला दुसरा मीटर लागेल, त्याला तिसरा, आणि काम कधी सुरूच होणार नाही. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून कळते, सफल प्रवृत्तीवरून. पाणी समजून गेलो, तहान भागली, म्हणून ते पाण्याचेच ज्ञान होते. उसाच्या फडात उभा असलेला वेल्डर मीमांसक असतो आणि असावा लागतो: मीटर 12.6 म्हणतो, बॅटरी काल चालली होती, शंकेला जागा नाही, रॉड पेटवावा. बॅटरी विकत घेताना मात्र तोच माणूस नैयायिक झाला नाही तर पैसे बुडतात. दोन्ही मते एकाच वेळी खरी असू शकत नाहीत असे दर्शनकार मानत. व्यवहारात ती एकाच माणसाची सकाळ आणि संध्याकाळ वाटून घेतात.

नैयायिकांपुढे एक अडचण राहिली होती. सफल झाल्यावरच ज्ञान प्रमाण ठरत असेल, तर काम सुरू करण्याआधी निश्चय कशाच्या बळावर करायचा, विशेषतः जिथे खर्च मोठा आहे आणि फळ दूर आहे तिथे? यज्ञ हे त्यांच्यापुढचे उदाहरण होते. त्यांनी उत्तर दिले ते ‘तज्जातीयत्वा’चे. अनोळखी विषयात आधी शंका राहते आणि सफलतेनंतर निश्चय होतो. सरावाच्या विषयात तसे थांबावे लागत नाही. हे ज्ञान पूर्वी सफल ठरलेल्या ज्ञानांच्याच जातीचे आहे, एवढ्यावर माणूस आधीच निश्चय करू शकतो. बॅटरीचे कारखाने याच तत्त्वावर माल बाहेर पाठवतात. एका बॅचमधल्या मोजक्या बॅटऱ्या काढून त्या शेवटपर्यंत उतरवतात, काही तर पुन्हा पुन्हा भरून-उतरवून मरेपर्यंत चालवतात, आणि त्यांच्या जातीच्या म्हणून बाकीच्या न तपासता विक्रीला जातात. डब्यावर छापलेला 100 अँपिअर-तासांचा आकडा त्या डब्याने मिळवलेला नसतो. तो दुसऱ्याच कुठल्या तरी बॅटरीने मिळवलेला असतो, आणि ती बॅटरी विकायला उरलेली नसते.